दोन्ही हात कामात

आमच्या शेठशी भांडून हरलेला माणूस कसालच्या बाजारात शोधूनही सापडला नसता. रिक्षावाले, मासेवाल्या, एसटीचे कंडक्टर, पानपट्टीवाला, सगळे त्यांच्याशी भांडण जिंकून बसलेले. समोरच्याने आवाज चढवला रे चढवला की शेठ मान हलवायचे आणि म्हणायचे, "चुकला माझा. तुमचाच बरोबर." चूक कोणाची का असेना. आणि हा माणूस बहुतेक दिवस कमरेला भरलेलं पिस्तूल लावून त्याच बाजारातून चालत जायचा, हे ठाऊक असलेली माणसं अगदी थोडी होती. त्यांतली एक मी.

मी त्यांच्या काजूच्या कारखान्यात सुपरवायझर होते. काजू फोडणाऱ्या, सोलणाऱ्या बायका माझ्या हाताखाली. मी मूळची तोंडवलीची, समुद्राच्या आवाजावर आवाज काढून बोलायची सवय, त्यात स्वभाव पहिल्यापासून तिखट. नोकरीला लागले त्याच आठवड्यात बॉयलरवर काम करणाऱ्या गड्याशी माझं वाजलं. शेठनी आत बोलावलं. मला वाटलं, गेली नोकरी.

"भांडतंस बरा," ते म्हणाले. "पण हात मोकळे ठेवन भांडतंस. भांडताना दोनय हात कामात असूक व्हये."

मनात म्हटलं, म्हातारा चक्रम आहे. तो होताच.

त्यांचे स्वतःचे दोन्ही हात कायम कामात असत. डाव्या हातात छत्री, उजव्या हातात कापडी पिशवी. पाऊस असो नसो, बाजार करायचा असो नसो. पिशवी रिकामी असली तर तिच्यात एक नारळ टाकून निघायचे. चहाला बसले तर एका हातात कप, एका हातात बशी, आणि चहा संपला तरी दोन्ही खाली ठेवायचे नाहीत. शर्ट नेहमी दोन मापं मोठा, बाहेर सोडलेला. खाली पडलेली वस्तू चारचौघांत वाकून उचलायची नाही. कोणाचं मूल मांडीवर घ्यायचं नाही. यावरून लोकांनी ठरवून टाकलं होतं की शेठना पोरांचा तिटकारा आहे. खरं तर सोलायच्या खोलीत बायका आपली तान्ही झोपवून ठेवत, तेव्हा हे दाराशी उभे राहून त्यांच्याकडे किती वेळ बघत बसत ते मी पाहिलंय.

पिस्तुलाची हकिकत मी येण्याच्या आधीची. कुडाळच्या बँकेतून पगार आणताना एकदा हायवेवर त्यांना अडवून मारलं होतं. पुढचे दात त्यात गेले. मग रीतसर परवाना काढला आणि ते घेतलं. पण पिस्तूल हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ते म्हणायचे, पावणी, म्हणजे पाहुणी. "आज पावणी वांगडा आसा," म्हणजे आज पिस्तूल सोबत आहे. "घरात पावणी आसली की कोण भांडता काय?" असं विचारून ते आपली प्रत्येक हार मला समजावून सांगायचे.

पावणीला बरोबर न्यायची की नाही हे शेठ ठरवत नसत, काकी ठरवत. काकी म्हणजे त्यांची बायको, बुटकी, शांत बाई. सकाळी पेज पिऊन झाली की शेठ उठून तिच्यासमोर उभे राहायचे. "आज कसो दिसतंय गो?" काकी हातातलं काम थांबवून त्यांचं तोंड नीट न्याहाळायची. "बरे दिसतास," म्हणाली की कपाटाची चावी द्यायची. "कपाळार आठी आसा," म्हणाली की पावणी कपाटात आणि बँक दुसऱ्या दिवशी. झोप नीट झाली नसेल, ताप असेल, कोणाचा रागाचा फोन आला असेल, तरी तेच. पगार एक दिवस पुढे गेला की बायका माझ्या नावाने बोटं मोडायच्या. मी जाऊन शेठना सांगायची. ते म्हणायचे, "राग इलो ह्या आपणाक सगळ्यात शेवटी कळता. हाताक आदी कळता. काकीक त्येच्याय आदी."

एकदा भर चौकात त्यांनी थोबाडीत खाल्ली. मालवणला निघालेली मोठी पर्यटकांची गाडी मागे घेताना शेठच्या उभ्या स्कूटरला लागली. चूक उघड गाडीवाल्याची. तो उतरला तोच शिव्या देत. शेठ म्हणाले, "साहेब, चुकलं माझं, मी गाडी इथे लावायला नको होती." ऑफिसात गेल्यावर बोलायचे तसं शुद्ध बोलले. त्याला काय वाटलं देव जाणे, त्याने ठेवून दिली. चष्मा उडाला. मी शेजारी होते, माझं डोकंच फिरलं, मी पुढे झाले. तर शेठनी छत्री माझ्यासमोर आडवी धरली आणि पिशवी त्या माणसापुढे केली. "ही जरा धरता काय?"

माणसापुढे कोणी वस्तू धरली की तो ती घेतो. त्यानेही घेतली. आत ताजे बांगडे होते, पिशवी गळत होती, त्याच्या पांढऱ्या बुटांवर पाणी पडायला लागलं. तो तसाच उभा, पिशवी धरून. जमलेली माणसं हसायला लागली. कोणाला हसत होती ते सांगता येणार नाही, बहुतेक दोघांनाही. शेठ पुढे म्हणाले, "मालवणला चाललाय ना? आता ऊन चढेल, पोरं गाडीत आहेत, निघा तुम्ही." त्याने पिशवी परत दिली आणि निघून गेला. चष्मा मी उचलला. पावणी कमरेला असताना त्यांना वाकता आलं नसतं, ते मी विसरले नव्हते.

कारखान्यात आल्यावर मी त्यांच्यावरच घसरले. "तुमी गप कित्याक रवलात? गावासमोर शोभा झाली."

"माका राग इलो नाय असा तुका वाटता?" ते म्हणाले. गालावर वळ उठले होते. "इलो म्हणानच गप रवलंय. पावणी नसती तर मीय एक ठेवन दिली असती. ती आसा, म्हणान माका ती चैन नाय."

चैन, म्हणाले. पुढे आठवडाभर काकीने चावी दिली नाही आणि त्यांनीही मागितली नाही.

पण ही चैन ते अजिबात करत नसत असं नाही. निवडणूक लागली, आचारसंहिता आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. शेठ पहिल्याच दिवशी जमा करायचे. आणि ठाण्याच्या पायऱ्या उतरले की दुसराच माणूस. छत्री घरी, पिशवी घरी, शर्ट पँटीत खोचलेला, दोन्ही हात हवेत. तुंबवून ठेवलेली सगळी भांडणं तेव्हा बाहेर काढायचे. पावसाळ्यात शिळे बांगडे देणाऱ्या मासेवालीपुढे ते मार्चमध्ये जाऊन उभे राहिले.

"शेठ, पावसातले बांगडे तुमका आता आठावतत?" ती म्हणाली.

"तेवा सवड नव्हती. आता आसा."

मग ते जुंपले. ती बाई मागे हटणारी नव्हतीच, टोपली बाजूला सारून कमरेला पदर खोचून उभी राहिली. अर्धा बाजार जमला. शेठचा चेहरा असा फुललेला मी क्वचित पाहिला. शेवटी तिने एक सरंगा त्यांच्या अंगावर टाकला, त्यांनी तो घेतला, आणि दोघंही खूश झाली. लोक म्हणायचे, निवडणूक आली की शेठच्या अंगात येतं. एका कार्यकर्त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, शेठ नक्की कोणाच्या बाजूचे? मी म्हटलं, बांगड्याच्या.

आम्ही कारखान्यात या दिवसांची वाट बघायचो, हसायला विषय मिळायचा. माझं हसणं थांबलं ते एका निवडणुकीत मला स्कूटर काढायला सांगून ते गावी घेऊन गेले तेव्हापासून. त्यांचं मूळ घर कसालपासून आत, काजूच्या बागांमधून रस्ता. तिथे त्यांचे थोरले भाऊ राहायचे, शेती बघायचे. शेठपेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे, उंच, काटक. शेठ पडवीच्या पायरीशी उभे राहिले आणि दोन्ही हात बाजूला पसरले.

"दादा, जमा करून इलंय. नाय आसा माझ्याकडे. आता बोल."

थोरले खुर्चीतून उठले. "या, बसा," म्हणाले. "काय बोलायचं? तुम्ही म्हणाल तसं."

आपल्या गावच्या पडवीत सख्ख्या धाकट्या भावाशी कोणी तहसीलदाराशी बोलल्यासारखं बोलत नाही. मला वाटलं, रुसवा असेल. शेठ म्हणाले, गणपतीच्या आधी घराला रंग काढायचा आहे, हिरवा काढू. थोरले म्हणाले, हिरवा चांगला. शेठ म्हणाले, नको, पिवळा. ते म्हणाले, पिवळाही चांगला. शेठ म्हणाले, खालचा मळा विकून टाकूया. मला ठाऊक होतं शेठना तो विकायचा नव्हता. थोरल्यांनी फक्त विचारलं, "सही कुठे करायची?" चहा आला, आम्ही प्यायलो, निघालो.

येताना शेठ मागे बसले होते. वहाळाच्या पुलापाशी म्हणाले, थांबव. उतरून कठड्याला टेकले. आपणहून बोलायला लागले.

"नव्या घराक दरवाजे करूचे होते. म्हटलंय, परसातलो फणस तोडूया, लाकूड बरा निघात. थोरलो म्हणालो, नाय. शब्दान शब्द वाढलो. तो बोट नाचवीत अंगार इलो. नेहमीच येय. लहानपणापास्ना असोच. 'मेल्या, त्या फणसाचा तुका ठावक तरी आसा काय? तो फणस...' इतक्या म्हणालो, आणि माझो हात गेलो."

"खंय?"

त्यांनी शर्टावरून कमरेला हात लावून दाखवला. मग तो हात दुसऱ्या हाताने धरून खाली आणला.

"काढूक नाय. नुसतो गेलो. कशाक गेलो ता माका आजून ठावक नाय. पावणीक घरात येवन म्हयनो पण झालेलो नव्हतो. तेना बघल्यान. आणि गप झालो. तो जो गप झालो तो आजून गप आसा."

थोड्याच दिवसांनी कसालला टेम्पो आला. थोरल्यांनी स्वतः उभं राहून फणस तोडवला होता, गिरणीवर कापून घेतला होता आणि फळ्या पाठवल्या होत्या. सोबत निरोप, आणखी काही लागलं तर कळवावं.

त्या फळ्या मी पाहिल्या होत्या. शेठच्या घराला लागून असलेल्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली रचून ठेवलेल्या, पिवळ्याधमक. बायकांना बसायला बाक करायला त्यांतली एक मी मागितली होती तेव्हा शेठ नाही म्हणाले होते. बाजारातल्या पोरासोरांपुढे माघार घेणाऱ्या माणसाचा तेवढा एक नकार माझ्या वाट्याला आला होता. घराला दरवाजे त्यांनी साध्या लाकडाचे केले.

"तो काय तरी सांगी होतो," शेठ कठड्यावर हात घासत म्हणाले. "तो फणस... म्हणालो आणि थांबलो. फुडला माका आयकूचा आसा. शिये घालून सांगांदे. थोबाडीत मारून सांगांदे."

मी म्हटलं, मग ती पावणी एकदाची देऊन टाका. ते म्हणाले, "देवन टाकली म्हणजे मी सुटलंय. हात तसोच ऱ्हवलो. ती आसा म्हणान ह्येका रोज शिकवतंय."

मला हे पटलं नाही, अजून पटत नाही. हाताला शिकवायला हत्यार कशाला लागतं? पण ज्याला स्वतःच्या हाताचा भरवसा उरला नाही त्याच्याशी वाद काय घालणार. छत्री आणि पिशवीचा अर्थ मला त्या पुलावर कळला, आणि मी तिथेच रडले. शेठनी माझी पर्स धरली.

दर आचारसंहितेला ही फेरी व्हायची. गावचे लोक म्हणत, शेठ मतं मागायला येतात की काय. थोरले दरवेळी उठून उभे राहत, दरवेळी म्हणत, तुम्ही म्हणाल तसं.

मग कारखान्याचे पगार परस्पर बायकांच्या खात्यात जायला लागले. रोख आणायचं कारणच उरलं नाही. शेठ काही दिवस घुटमळले आणि एक दिवस परवाना परत करून, पावणीची कायमची पाठवणी करून आले. मला म्हणाले, स्कूटर काढ. वाटेत खूप बोलत होते. लहानपणी थोरला त्यांना कडेवर घेऊन जत्रेला न्यायचा, दशावतारातल्या राक्षसाला हे भ्यायले की त्यांचं तोंड आपल्या खांद्यात लपवायचा, असलं काय काय. परत येताना आणायचे म्हणून थोरल्याच्या बागेतले आंबेसुद्धा मनात निवडून ठेवले होते.

पडवीत थोरले बसले होते, आता पुष्कळ थकलेले. शेठनी पायरीवर उभं राहून शर्ट छातीपर्यंत वर केला आणि स्वतःभोवती हळूहळू फिरले. साठीचा माणूस, पोट उघडं टाकून.

"बघ दादा. कायमची दिली. परत येवची नाय."

थोरल्यांनी मान वळवली. "कशाला दिलीत?" म्हणाले. "असू द्यायची. तुम्हाला लागते."

शेठचा हात शर्ट धरून तसाच राहिला. मला बघवेना, मी मागच्या दाराने आत गेले. थोरल्यांची बायको चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी जरा रागानेच म्हटलं, एवढं काय भ्यायचं ते माणसाने?

"भय खंयचा गो," ती म्हणाली. "भय कधीच गेला. ह्येंका लाज वाटता. ज्येका कडेर घेवन फिरवल्यानी, त्येका भियाले, ह्येची."

परतताना पुलापाशी मी आपणहून स्कूटर थांबवली, तर शेठ म्हणाले, चल. माझ्या पाठीला त्यांचं कपाळ टेकलेलं होतं आणि ब्लाउज भिजत होता.

त्यानंतरचा काजूचा हंगाम त्यांनी कसाबसा पाहिला. छत्री-पिशवी सुटली नाही. आता कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "सवय." बाजारातही हरतच राहिले. सकाळी काकीसमोर उभं राहून विचारणंही चालूच होतं, कपाटात काही नसलं तरी. त्या सकाळी पेज प्यायले, विचारलं, काकी म्हणाली बरे दिसतास, आणि ते पडवीतल्या खुर्चीवर जाऊन बसले ते बसलेच. मी पोचले तेव्हा काकी जमिनीवर बसून येईल त्याला तेच सांगत होती. "मी बरे दिसतास म्हणान सांगलंय. बरे दिसतास म्हणान सांगलंय गो मी."

कारखान्यातल्या बायका आल्या, बाजार आला, ती मासेवाली आली आणि सगळ्यांत मोठ्याने रडली. थोरल्यांना रिक्षातून आणलं. दोघांनी धरून उतरवलं. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. शेठना खाली निजवून पांढरं वस्त्र घातलं होतं, हात दोन्ही बाजूंना, रिकामे. थोरले त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसले आणि वस्त्रावरून त्यांच्या कमरेला हात लावला. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. नीट चाचपून पाहिलं. काय चाललंय ते तिथे फक्त काकीला आणि मला कळलं.

हात तिथेच ठेवून ते म्हणाले, "मेल्या."

जमलेली माणसं चपापली. थोरल्यांनी आवाज चढवला. इतका मोठा आवाज त्या थकलेल्या माणसात असेल असं कोणाला वाटलं नसतं.

"मेल्या, तो फणस मी लावलेलो. तुझ्या बारशाच्या दिवशी लावलेलो. आई म्हणाली, ह्यो धाकट्याचो फणस, जप. पावसाळो नाय त्या दिसात वहाळाचा पाणी घातलंय त्येका, तुका एका कडेर आणि घागर दुसऱ्या. तो तुझोच होतो रे. तुझोच होतो, म्हणान तुका तोडूक देय नव्हतंय. इतक्याच सांगूचा होता."

बोट नाचवत होते ते शेठच्या तोंडासमोर. मग बोट खाली आलं. ते त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, उलट काही ऐकायचं राहिलंय असं. बाहेर सगळी तयारी झाली होती. एकजण पुढे येऊन हळूच म्हणाला, उचलायला हवं, उशीर होतोय.

काकीने हात वर करून त्याला थांबवलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "खूप दिसांनी भांडतत."

कोणी पुढे आलं नाही. मी उठून शेडमध्ये गेले आणि सरणासाठी त्या फणसाच्या फळ्यांवरची ताडपत्री काढली.